स्थलांतर करा, पण नोंदींसकट

ज्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी मी मराठी भाषांतर करते, तो आता सबव्हर्जन ही फायलींतल्या बदलांच्या नोंदी ठेवणारी (व्हर्जन कंट्रोल) प्रणाली सोडून गिट या दुसऱ्या प्रणालीत जाणार आहे. निर्णय योग्य आहे, किंबहुना उशिराच झाला. सबव्हर्जनमध्ये सगळ्या नोंदी एका सर्व्हरवर असतात. इथं बेळगावच्या कॅम्पात जून-जुलैच्या पावसात नेट गेलं की केलेलं काम जमा करता येत नाही, ताटकळत बसावं लागतं. गिटमध्ये पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी प्रत्येकाच्या संगणकावर असतात. नोंद घरबसल्या करायची आणि नेट आलं की पाठवायची.

माझा विरोध दुसऱ्याच गोष्टीला आहे. फक्त आजच्या फायली न्याव्यात, मागचा इतिहास जुन्या सर्व्हरवर पडून राहू द्यावा, असं प्रकल्पातल्या काही मंडळींचं म्हणणं आहे. ज्याला लागेल तो तिथं जाऊन बघेल म्हणे. हे होता कामा नये.

निपाणीकडे ज्यांची शेती आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. उताऱ्यावर मुख्यतः जमीन आज कोणाच्या नावे आहे ते दिसतं. ती त्याच्या नावे कशी झाली, वारसानं की खरेदीनं, कोणत्या साली, हे फेरफाराची नोंद सांगते. १९५६ च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता, त्या काळातल्या फेरफाराची नक्कल मिळवायला माणसं कचेरीचे उंबरे झिजवतात, कारण वाद उभा राहिला की नुसता उतारा पुरत नाही. सॉफ्टवेअरच्या फायली म्हणजे उतारा आणि व्हर्जन कंट्रोल म्हणजे फेरफाराची वही. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, ते तिथं लिहिलेलं असतं.

‘कशासाठी’ हे मराठीच्या बाबतीत फार महत्त्वाचं. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ या शब्दांतलं अर्ध्या र चं रूप हिंदीला लागत नाही, म्हणून देवनागरी फॉन्टमध्ये त्यासाठी वेगळा नियम घालावा लागतो. मराठी वळणाच्या ल आणि श चंही तेच. उद्या कोणी फाइल साफसूफ करताना हा नियम अनावश्यक समजून उडवला, तर तो का होता हे जुनी नोंदच सांगेल.

जुन्या सर्व्हरचं म्हणाल, तर रेड हॅट या कंपनीच्या लोहित फॉन्टचं बघा. त्यावर पुण्यातल्या कार्यालयात पुष्कळ काम झालं आहे. हा प्रकल्प फेडोरा होस्टेड या संकेतस्थळावर होता. २०१७ मध्ये ते बंद झालं आणि लोहितला पागुरे या दुसऱ्या संकेतस्थळावर जावं लागलं. आता फेडोरा प्रकल्प पागुरेही सोडून फोर्जेजोकडे निघालं आहे. जुना सर्व्हर कायम राहील हा भरवसा किती पोकळ आहे, ते यावरून कळावं. गूगल कोड २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. बिटबकेट या संकेतस्थळानं २०२० मध्ये गिटसारख्याच मर्क्युरिअल प्रणालीचा आधार काढून घेतला, तेव्हा तिथली लाखो भांडारं (फायली आणि त्यांच्या नोंदी) नाहीशी व्हायची वेळ आली होती. त्यांतली बरीचशी सॉफ्टवेअर हेरिटेज या फ्रान्समधल्या संग्रहानं वाचवली.

इतिहास मागे ठेवायला हरकत नाही म्हणून लिनक्स कर्नलचं उदाहरण पुढे केलं जातं. २००५ मध्ये बिटकीपर ही आधीची प्रणाली सोडावी लागल्यावर लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं आणि कर्नलचा जुना इतिहास त्यात आणला नाही; गिटमधली पहिली नोंद २.६.१२-आरसी२ ची आहे. खरं आहे. पण तो इतिहास पुढे लोकांनी वेगळा रचून ठेवला. एवढे हात कर्नलला लाभतात. मराठी भाषांतराच्या फायलींमागे अनेकदा एक-दोन माणसं असतात. मी पायथन या संगणकभाषेचं उदाहरण देईन. सीव्हीएस, सबव्हर्जन, २०११ मध्ये मर्क्युरिअल, २०१७ मध्ये गिट. प्रत्येक वेळी १९९० पासूनच्या नोंदी बरोबर नेल्या. दोषांच्या तक्रारी आणि त्यांवरची चर्चा मात्र गिटमध्ये येत नाही, ती वेगळी हलवावी लागते. पायथननं तेही २०२२ मध्ये केलं.

सगळ्यात नाजूक काम नावांचं. सबव्हर्जनमध्ये माणसाचं नाव नसतं, फक्त लॉगिन असतो. आमच्या प्रकल्पात नोंद करण्याचा अधिकार मोजक्यांना होता, म्हणून बाकीचे भाषांतरकार आपल्या फायली समन्वयकाला पाठवायचे आणि नोंद त्याच्या लॉगिननं व्हायची. खऱ्या भाषांतरकाराचं नाव फार तर नोंदीच्या शेऱ्यात सापडतं. भाषांतराच्या पीओ फाइलच्या डोक्यावर शेवटच्या भाषांतरकाराच्या नावाची ओळ असते, पण पुढचा माणूस आला की ती बदलते.

गिटमध्ये लेखक आणि नोंद करणारा यांचे रकाने वेगळे आहेत. म्हणजे ज्यानं काम केलं त्याचं नाव योग्य जागी घालण्याची ही संधी आहे, आणि एकदाच मिळणारी आहे. प्रत्येक नोंदीची ओळखखूण आधीच्या नोंदीवर अवलंबून असते. नंतर एक नाव दुरुस्त करायचं तर त्यापुढच्या सगळ्या नोंदींच्या खुणा बदलतात आणि लोकांकडच्या प्रती जुळेनाशा होतात.

लॉगिनांपुढे खरी नावं लिहिलेली यादी गिट-एसव्हीएन या स्थलांतराच्या साधनाला दिली, तर यादीत नसलेला लॉगिन आला की ते जागच्या जागी थांबतं. मला हा नियम फार आवडतो. कोणाला तरी विचारावं लागतं, हा माणूस कोण होता? लॉगिनांची यादी मी सध्या रोज रात्री जुळवते आहे. शेऱ्यातली नावं त्यानंतर, एकेक नोंद वाचून काढावी लागतील. काहींचे पत्ते बंद आहेत, काही हे क्षेत्र सोडून गेलेत. तरी नाव लागलंच पाहिजे, कारण बहुतेकांना त्या कामाचा मोबदला म्हणून फक्त हे नावच मिळालं आहे.

प्रकल्पाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. यादी पक्की करण्याआधी ती सर्व जुन्या भाषांतरकारांना दाखवावी, आणि नवं भांडार जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नये. तिसरी विनंती आपल्या इथल्या मुलांना. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आहे, अभियांत्रिकीची मुलं इथं गल्लोगल्ली भेटतात. मराठी फॉन्ट, शब्दकोश, भाषांतरं यांची जुनी भांडारं शोधून त्यांचे पत्ते सॉफ्टवेअर हेरिटेजला कळवणं हे कोणालाही करता येतं, पैसे लागत नाहीत. आणि नावं जुळवायला मराठी वाचता येणारी चार माणसं मला या महिन्यातच हवी आहेत.