कॉफीचें पहिलें भांडें

आमच्या नातवास यंदा पहिली नोकरी लागली आणि पहिल्या पगारांतून घरासाठीं कॉफीचें विजेचें यंत्र आणावें, असें त्याच्या मनांत आलें. कर्नाळ्याच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या घरांत सकाळीं लहानमोठीं नऊ माणसें असतात. त्यानें यंत्राचें चित्र आम्हांस दाखविलें व किंमत सांगितली. ती ऐकून आम्हीं चष्मा काढून पुसला. "आजोबा, आरंभ करायचा तर उत्तमापासूनच करावा," असें त्याचें म्हणणें पडलें. हा प्रश्न ज्यांच्या घरीं निघाला असेल, अथवा लौकरच निघेल, अशा वाचकांसाठीं आमच्या घरीं झालेला विचार येथें देत आहों.

आपल्या घरांतली कॉफी म्हणजे दूध, पाणी, साखर व पूड एकत्र उकळून, वर जायफळ किसून गाळलेलें पेय. तें उपवासास चालतें, पाहुण्यांस आवडतें, आणि त्यास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. परंतु त्यांत कॉफीपेक्षां जायफळाचीच चव पुढें असते. पूड फार वेळ उकळली कीं तिचा सुवास वाफेबरोबर निघून जातो व मागें कडवटपणा तेवढा राहतो. म्हणून कॉफीचा खरा स्वाद कळावयास हवा असेल, तर काढा निराळा आणि दूध निराळें, हा पहिला पाठ होय.

काढा करण्याचीं साधनें बाजारांत पुष्कळ आहेत. पण पाहूं गेल्यास जाती तीनच. पहिल्या जातींत पूड गरम पाण्यांत भिजत ठेवावयाची. फ्रेंच प्रेस म्हणून काचेचें उभट पात्र मिळतें, त्यांत जाडसर पूड चार मिनिटें भिजवून वरची जाळी हळूच खालीं दाबतात. शिकावयास हें सर्वांत सोपें. मात्र काच फुटते आणि पेल्याच्या तळाशीं थोडा गाळ उतरतो. दुसऱ्या जातींत पाणी पुडींतून आपल्याच भारानें झिरपतें. जर्मनींतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीनें मुलाच्या वहींतला टिपकागद घेऊन, भोकें पाडलेल्या भांड्यांतून कॉफी गाळून पाहिली व १९०८ सालीं त्या युक्तीचें पेटंट मिळविलें. दक्षिणेकडील दोन मजली फिल्टर याच जातीचा. त्यास कागदहि लागत नाहीं. तिसरी जात दाबाची. इटलींत अल्फोन्सो बियालेटी यांनीं १९३३ सालीं पुढें आणलेलें मोका पात्र चुलीवर ठेवलें कीं खालच्या पाण्याची वाफ तें पाणी पुडींतून वर ढकलते. नातवाचें यंत्र याच जातीचें; त्यांत हवेच्या दाबाच्या सुमारें नऊपट दाब असतो.

आतां यांतून निवड कशी करावी? आम्हीं तीन प्रश्न काढले. पहिला, पेले किती? विजेच्या घरगुती यंत्रांतून एका वेळीं एक किंवा दोनच पेले निघतात. नवव्या माणसाच्या हातीं पेला येईतों पहिल्याची आंघोळ उरकलेली असेल. दुसरा, पावसाळ्याचें काय? कोंकणांत चार महिने दमट हवा. उघडी राहिलेली पूड ओलावा धरते आणि तिचा गोळा होतो. त्यांतच पावसाच्या झडींत वीज गेली कीं यंत्र गप्प बसणार. फिल्टरास मात्र आधण आलेलें पाणी पुरतें.

तिसरा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. तो सूनबाईंनीं काढला. त्या स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाल्या, "मामंजी, यंत्र येऊं द्या, पण तें रोज धुणार कोण, एवढें आधीं ठरूं द्या."

यावर बैठकींतल्या पुरुषमंडळींपैकीं कोणी बोललें नाहीं. आम्हीहि बोललों नाहीं. चाळीस वर्षें आम्हीं मुलांस स्वावलंबनावर निबंध लिहावयास दिले. पण घरांतला एक पेला विसळल्याचें आम्हांस आठवेना. दळणें, मोजणें, उकळणें, नऊ जणांस देणें, मग सर्व घासून पालथें घालणें, हें सारें ज्यांच्या हातांवर पडतें, त्यांस विचारल्यावांचून आम्ही साधनाची निवड करावयास बसलों होतों. दुसऱ्या दिवसापासून सकाळची कॉफी आम्ही करूं, असें त्या क्षणीं आम्हीं सांगून टाकलें. मग आपल्याच हातून काय निभेल तें पाहूं लागलों, तेव्हां निवड सोपी झाली.

पनवेलच्या बाजारांतून कांहीं शें रुपयांत स्टीलचा मोठा फिल्टर आणला. पितळेचा दिसावयास देखणा, पण त्याला आंतून कल्हई असावी लागते. वरच्या भांड्याच्या तळास बारीक छिद्रें असतात. त्यांत पूड घालावी, दांड्याची चकती वर ठेवावी, उकळी येऊन क्षणभर थांबलेलें पाणी ओतावें व झांकण घालावें. पंधरा-वीस मिनिटांत काढा खालीं उतरतो. पहिल्या दिवशीं आम्हीं चकती इतक्या जोरानें दाबली कीं तासभर थेंब पडला नाहीं, आणि सर्वांस चहा घ्यावा लागला. चकती नुसती टेंकवावी.

पैसा खर्चावयाचाच तर तो पुडीवर खर्चावा. मुंबईस माटुंग्याच्या दुकानांतून बिया समोर दळून मिळतात. पंधरा दिवसांपुरतीच पूड घ्यावी व घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. चिकोरी हें एका वनस्पतीचें भाजलेलें मूळ. त्यानें काढा दाट व काळा होतो, पण कॉफीचा वास दबतो. आरंभीं शेंकडा वीसहून अधिक नसावी. पुढें गोडी लागल्यास हातानें फिरविण्याची लहान चक्की घ्यावी; कारण ताज्या दळलेल्या बियांनीं जो फरक पडतो, तो महागड्या यंत्रानें पडत नाहीं. मुळाक्षरें गिरविणाऱ्या मुलास आपण आधीं पाटी देतों, तसेंच हें.

नातू प्रथम थोडा हिरमुसला. आतां रविवारीं फिल्टर तोच लावतो व धुतोहि तोच. यंत्राचा विचार त्यानें पुढील वर्षावर टाकला आहे, आणि त्यास आमची हरकत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. किल्ल्याचा सुळका धुक्यांतून दिसूं लागतो, त्या सुमारास आमचा काढा उतरलेला असतो. पहिला पेला आम्हीं आमच्या सौभाग्यवतींच्या हातीं दिला. इतकीं वर्षें सर्वांस देऊन झाल्यावर जी उरे, ती त्या घेत. एक घोट घेऊन त्या आमच्याकडे पाहत राहिल्या. आम्हांस वाटलें, साखर चुकली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही गरम आहे."