कार्लाइलची पोरं

दोस्तांनो, आजच्या आपल्या संघाचं नाव आहे 'कार्लाइल इंडियन्स'. लगेच छाती फुगवू नका हं! हे इंडियन म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोचलो, म्हणून समोर दिसलेल्या माणसांना त्याने इंडियन म्हटलं आणि ती चूक तशीच चालू राहिली. ही माणसं म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी.

आणि फुटबॉलही आपला नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. बगलेत धरायचा आणि समोरच्या अकरा जणांना चुकवत, धडका देत पळत सुटायचं. शेवटच्या रेषेपार गेलात की 'टचडाउन'. १९१२ पासून त्याचे ६ गुण. त्या काळी हा खेळ भलताच जीवघेणा होता. इतका, की १९०५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या मंडळींना बोलावून सांगितलं, जरा आवरा!

आता ही कार्लाइलची शाळा. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या लष्करी छावणीत ती १८७९ साली प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढली. वेगवेगळ्या जमातींची मुलं शेकडो मैलांवरून तिथे आणली जात. आल्या आल्या केस कापायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण लाकोटा लोकांत केस कापतात ते जवळचं कुणी गेलं की. मग नाव बदलायचं. फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली असत. मुलाने छडी टेकवली ते त्याचं नाव! ओटा क्ते हा मुलगा असाच 'ल्यूथर' झाला आणि मोठेपणी त्याने हे सारं लिहून ठेवलं. स्वतःची भाषा बोललात तर शिक्षा. कित्येक मुलं आजारी पडून तिथेच गेली. त्यांच्या थडग्यांच्या रांगा अजून तिथे आहेत.

एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटसाहेबांनी फुटबॉल बंद करून टाकला होता. तेव्हा चाळीसेक मुलं त्यांच्याकडे गेली आणि खेळू द्या म्हणाली. साहेबांनी दोन अटी घातल्या. समोरच्याने ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही. आणि फार तर चार वर्षांत देशातला सगळ्यात मोठा संघ हरवून दाखवायचा. पोरं कबूल झाली.

ती अंगाने लहानखुरी होती. बलदंड कॉलेजकुमारांपुढे नुसत्या धडका देऊन भागणार नव्हतं. मग वेग आणि डोकं! प्रशिक्षक पॉप वॉर्नर म्हणजे युक्त्यांचं पोतं. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध पोरांनी घोळका केला आणि चेंडू चक्क डिलनच्या जर्सीत, पाठीवर कोंबला. हार्वर्डवाले शोधताहेत, चेंडू कुठाय? डिलन तोवर रेषेपार! (सामना मात्र हार्वर्डने १२-११ असा जिंकला.)

पण खरी मजा १९१२ च्या मोसमाची. संघाचा कप्तान जिम थॉर्प. आपल्या लोकांत त्याचं नाव वा-थो-हक, म्हणजे 'उजळलेली वाट'. त्याच उन्हाळ्यात त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं मिळवली होती. संघाचा बराचसा मोसम परक्या मैदानांवर. आगगाडीत बसायचं, उतरायचं, खेळायचं, पुन्हा गाडी. सिराक्यूसला ३३-०, पिट्सबर्गला ४५-८ अशी धूळ चारली.

आणि ९ नोव्हेंबरला गाठ पडली वेस्ट पॉइंटशी. ही अमेरिकन सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी! जरा आठवा, वूंडेड नी इथे याच सैन्याने शेकडो लाकोटा स्त्री-पुरुष आणि मुलं मारली, ती १८९० च्या डिसेंबरात. पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. मैदानावरच्या पोरांचे बाप-आजे या सैन्याशी लढलेले. वॉर्नरनी सामन्याआधी नेमकी हीच आठवण करून दिली म्हणतात. मला विचाराल तर पोरांना कुणी आठवण करून द्यायची गरज नसावी.

पहिला टचडाउन सैन्याचा. मध्यंतराला कार्लाइल कसंबसं ७-६ ने पुढे. मग मात्र पोरं सुटली! सगळे जिमवर डोळे ठेवून, आणि टचडाउन करतोय अ‍ॅलेक्स आर्कासा. एक नव्हे, तीन. सैन्याचा कप्तान डिव्होर इतका चिडला, की कार्लाइलच्या गायनवर धावून गेला आणि मैदानाबाहेर काढला गेला. कार्लाइल २७, सैन्य ६. जिमला अडवताना घाम गाळणाऱ्यांत एक आयसेनहॉवर नावाचा छोकरा होता. हो, तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला!

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून पोरं ३४-२६ अशी हरली. असं होतं कधीकधी. मोसम संपला तेव्हा १२ विजय, १ बरोबरी, १ हार आणि पाचशेच्या वर गुण. गंमत बघा, ज्या शाळेला या मुलांचं इंडियनपण पुसून टाकायचं होतं, तिच्याच संघाला सगळा देश 'इंडियन्स' म्हणून ओळखत होता.

१९१३ साली जिमची पदकं काढून घेतली. कारण काय, तर पूर्वी एकदा तो थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. १९१८ मध्ये शाळा बंद पडली. जिम १९५३ साली गेला. त्याच्या मुलांच्या हाती पदकं आली ती १९८३ मध्ये, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं ते थेट २०२२ साली.