अमावास्येचा निळा

जूनमध्ये काजवे बघायला भीमाशंकरला धावणाऱ्या तमाम जनतेला एक प्रश्न. रात्री दोन वाजता टॉर्च बंद केला, की तुमचा तो भारीतला निळा विंडचीटर कसा दिसतो? राखाडी! तुमचाच काय, अख्ख्या ग्रुपचा. चंद्र नसेल तर आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी चक्क रजेवर जातात.

त्याच जंगलात एकाला मात्र तेव्हाही रंग कळतो. भुंग्याला. झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिका असं भारदस्त नाव असलेला हा प्राणी लाकूड पोखरून घर करतो आणि आपण घोरत असताना फुलं धुंडाळतो. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भीमाशंकरलाच त्याची परीक्षा घेतली. घराच्या दाराशी रंगीत खूण लावायची, ओळख पटली की राखाडी खुणांमधून ती शोधायला लावायची. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात पठ्ठीनं (हो, घरटं सांभाळते ती मादीच!) बरोब्बर रंग ओळखला. हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

राखाडीची ही युक्ती तशी जुनी. मधमाशा रंगांधळ्या असतात, असं कार्ल फॉन हेस हे बडे नेत्रतज्ज्ञ ठामपणे सांगत. तरुण कार्ल फॉन फ्रिशला ते पटेना. त्यानं राखाडी चौकोनांत एक निळा ठेवला, त्यावर साखरेचं पाणी. नंतर साखर काढून घेतली तरी माशा निळ्यावरच! १९१४च्या सुमाराची ही गोष्ट. लाल मात्र त्यांना काळ्यासारखाच वाटला. त्याची भरपाई म्हणून आपल्याला न दिसणारा अतिनील त्यांना दिसतो.

आपल्या भुंगीची खरी कमाल पुढेच आहे. तिचा डोळा मधमाशीच्याच घाटाचा, म्हणजे दिवसपाळीचा. प्रत्येक भिंगानं आपापल्या वाटणीच्या उजेडावर भागवायचं. पतंगांच्या डोळ्यांत अनेक भिंगांचा उजेड एकत्र होतो, तशी चैन इथे नाही. भिंगं मात्र मोठी.

आणि एवढ्याशा उजेडावर संसार चालवणाऱ्या बाईच्या दारात आपण पांढराफेक हेडटॉर्च मारतो. वर ‘काजवे कमीच दिसले यार’ ही तक्रार! मी आता टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावते. दहा रुपयांत काम होतं. ग्रुपमधले हसतात, पण पाच मिनिटांत आपल्यालाही पायवाट दिसायला लागते.