पराभवाची संध्याकाळ

मुलगा सामना हरून घरीं येतो आणि ओसरीवरील वडील मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "किती गुणांनीं हरलास?" शिक्षकीच्या काळांत आम्हींहि हेंच केलें. खो-खोच्या सामन्यांत गोंधळून बाद झालेल्या एका चपळ मुलाला तर आम्ही सर्वांदेखत भित्रा म्हणालों. तो पुन्हां मैदानावर आला नाहीं.

हें आठवण्याचें निमित्त चेन्नईचा गुकेश. २०२४ च्या नोव्हेंबरांत सिंगापूर येथें बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा पहिलाच डाव हा १८ वर्षांचा मुलगा, पांढरीं मोहरीं हातीं असतां, हरला. तिसरा जिंकला, बारावा पुन्हां गमावला, आणि १२ डिसेंबर रोजीं चौदावा डाव काळ्या मोहऱ्यांनीं जिंकून जगज्जेता झाला. चाली सुचविणारे जाणते त्याच्याजवळ होतेच. शिवाय मनाच्या तयारीसाठीं दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन होते. २०११ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबरहि ते याच कामीं होते.

मनाला कसली शिकवणी, असें कांहीं वाचक म्हणतील. मन आवरत नाहीं ही तक्रार अर्जुनानेंहि केली होती, व त्याला उत्तर मिळालें त्यांत अभ्यास होताच. श्वास संथ करणें, झोप सांभाळणें, चुकलेली चाल मागें टाकून पुढची पाहणें, हें सारें पाढ्यांप्रमाणें रोज घोटावें लागतें.

परवां आमचा नातू बॅडमिंटनचा सामना हरून आला. आम्हीं गुण विचारले नाहींत. "पाय धुवून ये, भात गरम आहे," एवढेंच म्हणालों. जेवतां जेवतां सर्व्हिस कोठें चुकली तें त्यानेंच सांगितलें.