पहिले पगारी गोलंदाज

दिवाळीत चिखलीच्या आमच्या जुन्या घरी नातवंडांचा तांडा उतरला की फराळापेक्षा क्रिकेटच्याच गप्पा फार. परवा धाकट्याने आयपीएलच्या लिलावातले कोटींचे आकडे मला ऐकवले आणि विचारले, "आजोबा, चेंडू टाकायचे पैसे आपल्याकडे सगळ्यांत आधी कुणाला मिळाले हो?"

सगळ्यांत आधी कुणाला, हे छातीठोकपणे कोण सांगणार? मला मात्र पळवणकर बाळू आठवले.

जन्म १८७६ चा, धारवाडचा, चांभाराच्या घरातला. वाढले पुण्यात. पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे आणि रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे साहेबांच्या पूना जिमखान्यावर चार रुपये. तिथे जाळी बांधायची, टेनिसच्या रेषा आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. हात डावा, चेंडू संथ आणि वळणारा. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज स्वतः बाद झाला की दर वेळी आठ आणे देई म्हणे! तासन्‌तास गोलंदाजी करून घेतली, पण बॅट कुणी हाती दिली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायची ईर्षा झाली आणि बाळूंना संघात घेतले. चेंडू त्यांच्या हातून सगळ्यांच्या हाती फिरे, त्याचा विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, आणि चहा मातीच्या भांड्यात.

इथे माझी लेखणी अडते. आमच्याच गोठ्याच्या देवळीत कान तुटलेला एक कप असे. कापूस वेचायला येणाऱ्या बाईचा. चहा पिऊन ती तो स्वतःच विसळून ठेवी. तिने वेचलेल्या कापसाच्या वाती आई देवापुढे लावी. मी तेव्हा धाकट्याएवढा होतो आणि मला त्यात काही वावगे दिसले नव्हते.

बाळू पुढे मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४! एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. बाळू राजकारणातही उतरले, आणि १९३७ च्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. ती हकिगत पुन्हा केव्हातरी. १९५५ साली ते वारले.

धाकट्याने सगळे ऐकून घेतले. बळींचा आकडा त्याने दोनदा विचारला. मग म्हणाला, "आणि तो कप कुठे गेला?"

मला आठवेना. गोठा आता राहिला नाही. मागची भिंत तेवढी आहे आणि तिच्यात ती देवळी. पोरे तिथे चेंडू ठेवतात.