रूपांतर झालं म्हणे...!

परवा एका प्रार्थनासभेला गेले होते. नाशिक-पुणे रस्त्यावरचं मंगल कार्यालय, बाहेर भला मोठा फ्लेक्स, आत कीबोर्ड, ढोलक आणि कान किटवणारे स्पीकर. एकामागून एक माणसं साक्ष द्यायला उठत होती. एक गृहस्थ म्हणाले, "अमुक तारखेला, रात्री साडेनऊला माझं रूपांतर झालं, तेव्हापासून माझ्या जीवनातून प्रभूचं गौरव प्रकट होतंय!" टाळ्या. त्यांच्यानंतरच्यांना रूपांतरासोबत दोन गुंठे जागा आणि चारचाकीही मिळाली होती. जास्त टाळ्या.

सभा संपल्यावर चहा घेताना साडेनऊवाले गृहस्थ माझ्याकडे आले. पुतण्यासाठी मुली बघताहेत. मी सुचवलेली मुलगी त्यांना पसंत होती. "शिकलेली आहे, उपासना चुकवत नाही, सगळं चांगलं आहे हो बाई. फक्त ते मूळचे कोण, तेवढं जरा बघाल का?"

मंडळी, या एका प्रश्नामुळे आजचा लेख लिहायला बसले आहे. कडू वाटला तर वाटू द्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आता कुणाची बदली करणार?

माझ्या ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी आधी खुलासा करते. 'मूळचे कोण' म्हणजे गाव कोणतं, असा अर्थ नाही. तुमचे आजे-पणजे बाप्तिस्मा घेण्यापूर्वी कोणत्या जातीचे होते, असा तो प्रश्न आहे. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आणि आमच्या भागातल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतून आले. थोडे इतर जातींतून आले. चार-चार पिढ्या उलटल्या, नावं बदलली, प्रार्थना बदलल्या. हा प्रश्न मात्र सोयरिकीच्या बैठकीत, दार लोटून, हळू आवाजात अजून विचारला जातो.

आता रूपांतराकडे येते. ज्या वचनावर ही साक्षींची इमारत उभी आहे ते पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य दिसलं की वचन, काळ आणि प्रयोग ओळखायची खोड आहे. ग्रीक मला येत नाही, पण आमच्या एका जुन्या पाळकसाहेबांनी हे वाक्य एकदा फोड करून समजावलं होतं, ते अजून लक्षात आहे. त्यातला कर्ता अनेकवचनी आहे, 'आपण सर्व'. क्रियापद कर्मणी आहे, म्हणजे हा बदल आपण करत नाही, तो आपल्यात केला जातो. आणि काळ आहे वर्तमान, क्रिया अजून चालू असल्याचा. आपल्या शालेय व्याकरणात त्याला नाव आहे अपूर्ण वर्तमानकाळ. अपूर्ण! व्यासपीठावर काय ऐकू येतं? एकवचन, कर्तरी आणि भूतकाळ. 'मी बदललो.' आठवीच्या पेपरात असं उत्तर आलं असतं तर मी तिन्हींचे गुण कापले असते.

त्याच वाक्यातल्या आरशाबद्दलही सांगते. पौलाच्या काळी आरसा धातूचा असे, घासून चकचकीत केलेला. करिंथ शहर तर काशाच्या कामासाठी नावाजलेलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्यांना उपमा लगेच कळली असणार. ज्यांच्या घरात अजून तांब्याचा हंडा आहे त्यांनाही कळेल. चिंच-मीठ लावून घासला की तोंड दिसतं, आणि चार दिवस हात फिरवला नाही की काळा. शिवाय हंड्याला स्वतःचा उजेड नसतो. खिडकीतून येईल तोच तो परत देतो. "मी बघा किती चमकतो" असं म्हणणारा हंडा मी तरी पाहिला नाही.

पौलाने तिथे मोशेची आठवण काढली आहे. मोशे देवाशी बोलून डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा झळकत होता. जुन्या करारातल्या त्या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी बाब ही की, आपला चेहरा झळकतोय हे मोशेलाच ठाऊक नव्हतं. ते इतरांना दिसलं. तेजाची साक्ष तेज असणाऱ्याने द्यायची नसते, हे इतकं साधं आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. साक्षीच्या सभेत रूपांतर झालेल्याला खाली बसवावं आणि त्याच्या सुनेला बोलायला उभं करावं. मग त्याच्या घरी धुणंभांडी करणारीला. मग ज्याचे पैसे त्याने थकवले आहेत त्या किराणा दुकानदाराला. सभा लवकर आटोपतील, हे मात्र खरं.

साक्षीलाच माझा विरोध आहे असं समजू नका. पंडिता रमाबाईंनीही १९०७ साली आपली साक्ष लिहिली. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला होता. त्यांनी काय लिहिलं? आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, तो कितीतरी वर्षांनी उमगला. संस्कृत पंडितांना चकित करणारी ही बाई स्वतःचं अपुरेपण लिहून ठेवते. आणि आपण रात्री साडेनऊला पूर्ण होतो!

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेल्या वस्तूही धुऊन घ्यायच्या. त्या घरातली ही मुलगी. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं घेऊनच परतल्या. मग एकदा त्यांच्या मनाने विचारायला सुरुवात केली, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. हे सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, जरूर वाचा. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली.

क्रम लक्षात आला का? त्या बाईने आधी जात टाकली आणि नंतर बाप्तिस्मा घेतला. आपण बाप्तिस्मा घेतला आणि जात कपाटात घडी घालून ठेवली, लग्नकार्याला काढायला.

"बाई, हा सामाजिक प्रश्न आहे, आध्यात्मिक नाही," असं मला एका वडीलधाऱ्यांनी ऐकवलं. त्यांनी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढावा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमकडून काही माणसं आली, तसा तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं. हा पेत्र कोण? येशूचं रूपांतर डोंगरावर ज्या तिघांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांतला एक! गौरव प्रत्यक्ष पाहिलेला माणूस पंगतीत घसरला. त्या डोंगरावरच्या रूपांतराला मूळ ग्रंथात जो शब्द आहे तोच पौलाने करिंथकरांना लिहिताना आपल्या रूपांतरासाठी वापरला. रूपांतराची परीक्षा पंगतीत होते, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही.

अजून एक गोष्ट बोलून टाकते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून जातीचे चटके थांबत नाहीत, तेव्हा आम्हालाही घ्या, ही आपली मागणी आहे आणि ती मला न्याय्य वाटते. पण बघा, निवेदनात आपण लिहितो की जात गेलेली नाही. रविवारी व्यासपीठावरून सांगतो की ख्रिस्तात जात उरलेली नाही. आणि सोमवारी सोयरिकीला बसून निवेदनच खरं करून दाखवतो. सरकारला दोष देताना आपली मान थोडी तरी खाली जायला हवी.

एवढं तोंडसुख घेतल्यावर आता माझी पाळी.

१९९८ साली माझ्या मुलीला एक स्थळ आलं. मुलगा माझाच विद्यार्थी, एमआयडीसीत नोकरीला, उपासनेत पेटी वाजवायचा. आई विड्या वळून संसार चालवायची, आमच्या सिन्नरात अशा आया घरोघरी होत्या. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं की पगार कमी आहे. रात्री मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, पगार किती ते तू विचारलंच नाहीस. मूळचे कोण, एवढंच विचारलंस."

तिचं लग्न 'आपल्यातच' झालं. संसार बरा चालला आहे, तक्रार नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी प्रार्थना करायला लागले की ती पाणी आणायला म्हणून आत जायची. मी उंच आवाजात प्रार्थना करत राहायची.

एप्रिल २०२१. माझे यजमान हृदयविकाराने घरीच गेले. कोरोना नव्हता, पण त्या दिवसांत कोण विश्वास ठेवणार? आमच्या 'मूळच्या' नातलगांचे फोन आले, माणसं आली नाहीत. तो आला. दोन भावांना घेऊन आला, कबर खणली, पेटीला खांदा दिला, आणि सगळं उरकल्यावर दारात लांब उभा राहून म्हणाला, "बाई, सकाळपासून चहा तरी घेतलात का?" तोंडाला मास्क होता, फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरे होते. आणि त्याला स्वतःला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मोशेसारखंच.

त्या रात्री मुलीला फोन करून मी माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्याकडे मागितलीस का?" तेवीस वर्षं उशिरा, पण त्याच्याकडेही गेले. त्याच्या आईने पाट मांडून जेवायला बसवलं. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती.

तेव्हा साडेनऊवाल्या गृहस्थांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मुलगी कशी आहे, ते सांगितलं आहे. मूळ मी बघणार नाही आणि यापुढे कुणासाठीही सांगणार नाही. रूपांतराचं काम देवाचं, हे मान्य. पण तोंडावरचा पडदा बाजूला करायला आपले हात आहेत ना? निदान तो धरून तरी ठेवू नका.

माझं रूपांतर झालं का? मला विचारू नका. माझ्या मुलीला विचारा. गेल्या नाताळात ती आली होती. मी प्रार्थनेला बसले तेव्हा ती आत गेली नाही, दारातच उभी राहिली.

असो. अपूर्ण वर्तमानकाळ.