सल्ला कोणाचा, नफा कोणाचा?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आज गांजा औषध म्हणून कायदेशीरपणे विकत मिळतो. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सार्वमताने ही वाट मोकळी केली आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. परंतु औषध मिळणे आणि औषधाविषयी सल्ला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान तेथे पुरेसे राखले गेलेले नाही.

या उणिवेचे मूळ कायद्यात आहे. १९७० च्या संघीय कायद्याने गांजाची गणना मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांत केली. त्यामुळे डॉक्टरांना त्याची चिठ्ठी लिहून देता येईना. त्यावर राज्यांनी तोड काढली ती अशी की, डॉक्टरांनी केवळ शिफारस करावी. शिफारशीचा हा हक्क एका संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये उचलूनही धरला. पण कोणता प्रकार, किती मात्रा, किती दिवस, हे शिफारशीत बहुधा नसते. ते ठरते दुकानाच्या काउंटरवर. आणि ठरविण्यास मदत करतो तो विक्रेता.

हा विक्रेता अप्रामाणिक असतो असे नव्हे. तो वैद्यकीय शिक्षण घेतलेला नसतो, इतकेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी कोलोरॅडोतील ४०० दुकानांना दूरध्वनी करून, आठ आठवड्यांच्या गरोदर स्त्रीने मळमळीवर काय घ्यावे, असे विचारण्यात आले. सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाची उत्पादनेच सुचविली! गरोदरपणी गांजा टाळावा, असे प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगत असताना हे घडले. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या रोग्यालाही गांजातील कॅनाबिडिऑलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हे त्याला कोणी सांगावे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे केनेथ ॲरो यांचा १९६३ मधील निबंध आठवेल. वैद्यकीय सेवेत देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे ज्ञान सारखे नसते. म्हणूनच डॉक्टर स्वतःच्या लाभापेक्षा आपले हित पाहील या विश्वासावर रोगी विसंबतो. गांजाच्या दुकानात विश्वास तोच असतो. मात्र त्याला आधार देणारे शिक्षण, परवाना व उत्तरदायित्व नसते.

उपाय अज्ञात नाही. कनेक्टिकटने २०१२ च्या कायद्याने हे वाटप परवानाधारक फार्मासिस्टांकडे सोपविले. पेनसिल्व्हेनियाच्या २०१६ च्या कायद्याने दुकानांत डॉक्टर वा फार्मासिस्ट असण्याची अट घातली. यावर आक्षेप असा की, खर्च वाढला तर गरीब रोगी चोरट्या बाजाराकडे वळेल. आक्षेप रास्त आहे. पण तो सल्ल्याविरुद्ध नसून सल्ल्याचा भार रोग्यावर टाकण्याविरुद्ध आहे. गांजाच्या विक्रीवर राज्ये कर घेतातच. त्यातील काही वाटा दुकानदाराच्या पगारावर नसलेल्या फार्मासिस्टांच्या विनामूल्य सल्ल्यासाठी राखून ठेवावा.

आपल्यालाही अमेरिकेला हसण्याचा अधिकार नाही. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे आपला १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. तरीही काउंटरपलीकडच्या मुलाला ‘डोकेदुखीवर काहीतरी दे’ म्हणणारे आपण थोडे नाही. जो विकतो त्यानेच सल्ला द्यावा, ही सोय स्वस्त वाटते खरी. पण तिची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते.